पाव्हण्यांच्या डोक्यावरचे कवेलू

पावसाळ्यात आमच्या घरी जेवायला ताटं कमी पडत, कारण निम्मी ताटं गळतीखाली मांडलेली असत. बाबा दुसऱ्याच्या भाताच्या बांधीत रोवणी करून भिजून येत आणि घरात येऊन पुन्हा भिजत. आई म्हणायची, "बाहेर तं ढग तरी दिसते, घरात कुठून पडते तेही समजत नाही!" अशा घरात कोरडा कोपरा शोधत शोधत मी बी.ए. झालो. (खानदानात पहिला. हे मी कुणी न विचारताही सांगतो.)

गाव गोंदिया जिल्ह्याच्या पार उत्तरेच्या टोकाला. नदी ओलांडली की मध्यप्रदेश. डिग्रीच्या बळावर मला गोंदियात कारकुनाची नोकरी लागली आणि चैत्र सरता सरता आईबाबांना घेऊन शहरात जायचं ठरलं. सामान बांधून झालं, तेवढ्यात बाबांनी हुकूम काढला.

"कवेलू फेरल्याबिगर कोनी हालाचं नाही!"

"बाबा, आपन रायनारच नाही तं कायले फेराचे?"

"काका रायते ना! आपल्या अंगानं पानी घुसलं तं मधातली मातीची भिंत कोनावर पडन? तुया डिग्रीवर?"

बाबांचं खरं होतं. घर एकच, लांबलचक. मध्ये मातीची भिंत. अलीकडच्या अंगाला आम्ही, पलीकडच्या अंगाला काका. छत मात्र सलग, कवेलूंचं, म्हणजे मातीच्या कौलांचं. दर उन्हाळ्यात कवेलू उतरवायचे, माकडांनी फोडलेले बाजूला काढायचे आणि चांगले पुन्हा रचायचे, ही आमच्याकडची रीत.

अडचण एवढीच, की त्याच आठवड्यात काकांच्या मुलीला, सुनंदाला, बघायला नदीपलीकडचे पाव्हणे येणार होते. सुनंदा घरात बोलायला लागली की शेजारचा रेडिओ बंद करायचा. पण पाव्हण्यांपुढे बसली की दगड! दोन ठिकाणचे लोक "पोरगी मुकी आहे का?" असं विचारून गेले ते गेलेच. काकांची झोप उडाली होती.

"हे तिसरं ठिकान होय बावा," काका मला म्हणाले. "तू काही करू नोको. इस्त्रीचा शर्ट घालून नुसता बसजो. घरात ग्रॅज्युएट आहे हे दिसलं पायजे."

नुसतं बसायचं! यासाठी तीन वर्षं शिकलो होतो का मी? पाव्हणे बाराच्या बसने येणार होते. बाबा त्यांना घ्यायला फाट्यावर गेले. मी विचार केला, तेवढ्यात मधला, सगळ्यात जास्त गळणारा भाग फेरून टाकू. शर्ट खुंटीला ठेवला, लुंगी खोचली आणि टेप घेऊन वर चढलो. वरून भिंत दिसत नाही. म्हणून शिकल्या माणसासारखं घर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं आणि बरोबर मध्यावर खूण केली. अलीकडचं आमचं, पलीकडचं काकांचं. चिंचेवरून एक माकड बघत होतं. (कवेलूंचा अनुभव त्याला माझ्यापेक्षा जास्त.)

आजी काकांकडे राहायची म्हणून वाटणीत काकांना थोडी जागा जास्त दिली होती आणि भिंत मध्यावर नव्हतीच, हे टेपला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पण टेप हातात असल्यावर आठवतं कुणाला!

इकडे पाव्हण्यांनी बघितलं, नदी उन्हाळ्यानं आटली आहे. बसचा फेरा कशाला? पात्रातून चालत आले आणि मागच्या वाटेनं थेट काकांच्या बैठकीत बसले.

पुढचं मला नंतर कळलं. नवरदेवाच्या आईनं विचारलं, "नाम क्या है बेटी?" सुनंदा गप्प. "कितवी शिकली?" सुनंदा गप्प. काकांनी घाईनं पोहे पुढे केले. एवढ्यात पोह्यांवर माती पडली. काकू म्हणाल्या, "मांजर असन." मग नवरदेवाच्या डोक्यावर उन्हाचा चौकोनी तुकडा पडला. तो सरकला. ऊनही सरकलं, कारण मी पुढचा कवेलू काढला होता!

आणि मग सडका बांबू मोडला.

मी काखेपर्यंत खाली आलो आणि छताच्या बांबूंत अडकलो. लुंगी मात्र वरच राहिली. बैठकीत माझे दोन पाय आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी एवढंच पोचलं.

"ये क्या है?" नवरदेवाची आई किंचाळली.

काकांच्या तोंडून पाठ केलेलं वाक्य निघून गेलं. "हा... हा आमचा ग्रॅज्युएट."

"पूरा कब आएगा?"

मला खाली लोक असल्याचं तेव्हा कळलं. रीत म्हणून वरूनच "जयभीम!" म्हणालो. सगळ्या पाव्हण्यांनी सवयीनं माझ्या पायांना "जयभीम" केला.

आणि दगडाला वाचा फुटली!

"अरे दादा!" सुनंदा कडाडली. "काऊन लटकून राहिला तिथं? पाय हालवू नोको, दुसराही बांबू मोडन! आई, पोहे उचल!" मग नवरदेवाकडे वळून, "आन तुमी काय पाहून राहिले? टेबल सरकवा ना इकडं! धरा त्याचे पाय!"

नवरदेवानं मुकाट्यानं टेबल सरकवलं आणि पाय धरले. (सुनंदाचा प्रत्येक शब्द तो अजून असाच ऐकतो.)

त्याची आई आ वासून बघत होती. मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अगं बाई, बोलती है! हमारे घर में सब गूंगे हैं, ऐसीच लागते आम्हाले!"

इतक्यात बाबा फाट्यावरून आले. "बसनं तं कोनी आलंच नाही," म्हणत दारात उभे राहिले. पाव्हणे दिसले, पाव्हण्यांच्या हातात मी दिसलो, वर आभाळ दिसलं. शांतपणे म्हणाले, "लेका, आपलं अंग तिकडं होय ना."

त्याच वैशाखात विहारात सुनंदाचं लग्न झालं. छत बाबांनी स्वतः फेरलं आणि मगच आम्ही गाव सोडलं. आता गोंदियात आमचं स्लॅबचं घर आहे. पावसाळ्यात सगळी ताटं जेवायला मिळतात. जावई आले की आधी वर बघतात, मग बसतात. गच्चीवर जायला सिमेंटचा पक्का जिना आहे. तरी मी वर निघालो की आई खालून ओरडते, "थांब रे ग्रॅज्युएट! खाली कोनी पाव्हने बसले तं नाही ना?"