खंडेनवमीनंतरची धूळ

माझ्या आईची शेवटपर्यंत समजूत होती की मी नगरला कुठल्यातरी मोठ्या रेडिओवर कामाला आहे. तिला दोष देण्यात अर्थ नाही. बहात्तरच्या दुष्काळात तिसगावच्या पारावर बसून कॉम्प्युटर म्हणजे काय हे समजावून सांगणारा माणूस एक तर वेडा असायला हवा, नाहीतर पुढारी. मी एकदाच प्रयत्न केला. आकडे लक्षात ठेवणारं आणि हिशेब करणारं यंत्र, असं सांगितलं. त्यावर चुलता म्हणाला, "सगळं त्येच करतंय, मंग तू काय करतो?" या प्रश्नाचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही.

औरंगाबाद रस्त्याला, गावाबाहेर, पाण्याचं संशोधन करणारं आमचं छोटं केंद्र होतं. आता ते राहिलेलं नाही. जिल्ह्यातल्या विहिरींचं पाणी किती खाली गेलं याचे आकडे तिथे यायचे आणि कॉम्प्युटरमध्ये साठवले जायचे. पुढे विहीर कुठे खणायची हे त्यावरून ठरणार होतं. आवारात दोन जीप, बोअर पाडण्याचं एक यंत्र, वर्कशॉपची पत्र्याची शेड आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरची खोली. कॉम्प्युटर सांभाळायला माणूस एकच, तो मी. तीन महिने मुंबईत शिकून आलेला, चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा. एकटा जीव सदाशिव म्हणतात ते ऐकायला बरं वाटतं. तसं जगायला लागलं की संध्याकाळ सरता सरत नाही.

खोलीला दोन दारं होती. पहिल्या दारानंतर एक चिंचोळी जागा, तिथे चपला काढायच्या, मग दुसरं दार. आत गारवा आणि पंख्यांची सतत घरघर. सकाळी आत गेलो की संध्याकाळपर्यंत मला माणसाचा आवाज ऐकू येत नसे. जीपचे ड्रायव्हर, वर्कशॉपचे मिस्त्री एकमेकांना शिव्या देत, विड्या ओढत, हसत बसलेले असायचे. मी जवळ गेलो की शिव्या थांबायच्या. साहेब म्हणावं एवढा मी मोठा नव्हतो आणि त्यांच्यात बसावं एवढा लहानही नव्हतो.

माझ्याशी बोलणारं माणूस एकच होतं, झाडझूड करणाऱ्या मावशी. त्या नेवाशाकडच्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, रोजंदारीवर लागलेल्या. त्यांच्या दोन्ही जावा दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. मावशींची नोकरी गेली असती तर त्यांनाही उन्हात हातोडी धरून बसावं लागलं असतं आणि त्यांना तेव्हाच धाप लागत होती. माझ्या खोलीत झाडू चालत नसे, धूळ उडते म्हणून. त्या ओल्या फडक्यानं फरशी पुसायच्या आणि दुपारी चिंचोळ्या जागेत आम्ही दोघं डबे उघडून बसायचो. चारचौघांत त्या मला साहेब म्हणत. तिथे लेकरा म्हणत.

त्यांना त्या यंत्राचं फार कौतुक. त्याचं कारण विज्ञान नव्हे. एअरकंडिशनरच्या नळीतून बाहेर भिंतीपाशी पाणी ठिबकायचं, त्याखाली त्या बादली ठेवत. दिवसाकाठी अर्धी बादली साठायची. नगरमध्ये तेव्हा नळाला चार-चार दिवस पाणी नसे. "सगळ्या गावाच्या हिरी आटल्या," त्या म्हणायच्या, "आन ह्यो बाबा बंद खोलीत बसून पानी देतो. देवच म्हनायचा." ते पाणी यंत्राचं नाही, हवेतलं आहे, हे मी सांगून पाहिलं. "हवंतलं आमाला का घावत न्हाई मंग?" असं त्यांनी विचारलं. मी भाकरी खात राहिलो.

खंडेनवमी आली. वर्कशॉपमध्ये आदल्या दिवसापासून धुणंपुसणं चाललं होतं. जीपना झेंडूच्या माळा, बोअरच्या यंत्राला नारळ, पान्यांपासून हातोड्यांपर्यंत सगळी हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू. ज्याच्यावर पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची, ही आमच्याकडची रीत. मावशींनी मला विचारलं, "आपल्याला कवा पूजा करायची?"

"आपल्याला करायची नाही मावशी. आत उदबत्तीसुद्धा चालत नाही."

"आसं कसं? समद्यांची झाली, ह्येच येकटं राह्यलं."

त्या हे यंत्राबद्दल म्हणाल्या होत्या. मला उगाचच स्वतःबद्दल वाटलं आणि भरून आलं. मी "राहू दे" म्हणालो, यंत्र बंद केलं आणि दसऱ्याला तिसगावला निघून गेलो. खोलीची एक किल्ली पुसण्यासाठी मावशींकडे असे.

परत आलो तो सकाळच्या एसटीनं. चपला काढल्या, आत गेलो, एकेक बटण चालू केलं. त्या काळी यंत्र जागं करणं हा एक सोहळाच असे. समोरच्या फळीवरचे खटके ठरलेल्या क्रमानं वरखाली करायचे, भोकं पाडलेली कागदी पट्टी ती वाचणाऱ्या यंत्रातून सोडायची, मग यंत्राला चालवणारा मूळ प्रोग्राम डिस्कवरून आत यायचा. डिस्क म्हणजे एकावर एक रचलेल्या तबकड्यांची चवड, कपाटाएवढ्या खोक्यात वरचं झाकण उघडून बसवलेली. आकडे आणि प्रोग्राम सगळं तिच्यावर. ती सारखी काढघाल करायची नाही, सुट्टीतही आतच ठेवायची, असा मोठ्या साहेबांचा हुकूम होता.

प्रोग्राम आला नाही. मुंबईच्या आमच्या शिक्षकांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती: यंत्र अडलं की आधी साधं बघायचं, मग अवघड. मी वीज तपासली. नगरच्या विजेचा भरवसा नव्हता, पण त्या दिवशी ती शहाण्यासारखी वागत होती. कागदी पट्टी फाटली नव्हती. खटके परत पहिल्यापासून टाकून पाहिले. पट्टी नीट वाचली गेली आणि डिस्कपाशी येऊन सगळं पुन्हा थांबलं. तेवढ्यात खोक्यातून दगडी पाटीवर खिळा ओढावा तसा आवाज आला. मी झटकन ते बंद केलं आणि तबकड्या थांबल्यावर झाकण उघडलं.

सगळ्यात वरच्या तबकडीवर हळदीचं बोट फिरलेलं होतं. कुंकू फिरताना फेकलं जाऊन कडेकडेनं सगळीकडे बसलं होतं. फटीत अक्षता अडकल्या होत्या.

तबकडी फिरते तेव्हा तिच्यावरचे आकडे वाचणारं डोकं तिला न टेकता तरंगत असतं. दोघांमध्ये केसाएवढंही अंतर नसतं. साधा धुराचा कण गेला तरी डोकं अडखळतं आणि तबकडीचा लेप खरवडून काढतं. इथे तर कुंकू होतं. राग आला, खोटं कशाला बोलू, मावशींना हाक मारून खडसवावं असं वाटलं. मग दिसलं की झाकणावर त्यांनी बोट जरादेखील लागू दिलं नव्हतं. मी करतो तसंच झाकण उघडून, आत देव असतो तिथे, नेमकं मधोमध त्यांनी लावलं होतं. मी अक्षता वेचून खिशात टाकल्या आणि हळद पुसली. कुंकू फटींतून निघेना.

तेवढ्यात मोठे साहेब आले. पुण्याचे, हुशार आणि तापट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाले, "कपाटातली दुसरी डिस्क लाव. ती चालली तर ही खराब, नाही चालली तर यंत्र खराब. दोन मिनिटांत कळेल."

दुसरी डिस्क म्हणजे याच आकड्यांची नक्कल, दसऱ्याआधी मीच काढलेली. सबंध जिल्ह्याच्या विहिरींच्या आकड्यांची तेवढी एकच प्रत आता उरली होती. साहेबांचं म्हणणं ऐकायला अगदी सरळ होतं आणि तसं केलं असतं तर खरवडलेल्या डोक्यानं तीही खरवडून टाकली असती.

"नको साहेब."

"का नको?"

"डोकी खराब झालीत. दुसरीही जाईल."

"डोकी आपोआप खराब होतात? आणि हे लाल काय आहे?" त्यांनी कडेवरून बोट फिरवलं.

चिंचोळ्या जागेत मावशी फडकं पिळत होत्या. त्याचा आवाज मला ऐकू येत होता. खरं बोललो असतो तर डिस्क वाचली असती आणि मावशी त्याच दुपारी खडी फोडायला गेल्या असत्या. नुसता गप्प बसलो असतो तर साहेबांनी स्वतःच्या हातानं दुसरी डिस्क चढवली असती.

"तबकडीचा लेप सुटलाय," मी म्हणालो. "लोखंडाच्या गंजाचाच असतो तो." ही गोष्ट खरी होती. मग खोटं बोललो. "धूळ गेली असणार आत. यंदा दुष्काळाची धूळ किती आहे, बघताय ना."

वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात तसं मी सगळं दुष्काळावर ढकलून मोकळा झालो. दुष्काळावर तेव्हा काहीही ढकललेलं चालत असे. साहेबांनी मान डोलावली, दुसरी डिस्क कपाटातच राहू दिली आणि मी सुटकेचा श्वास टाकतो न टाकतो तोच त्यांनी विचारलं, "पण चपला तर आपण बाहेर काढतो. मग धूळ येते कुठून?" त्यांनी दाराकडे पाहिलं. मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या पायांत चपला कधीच नसत. सगळा रस्ता त्या अनवाणी चालत यायच्या आणि काढायला काही नाही म्हणून तशाच आत येत.

"ही बाई बाहेरचेच पाय घेऊन आत येते," साहेब म्हणाले. "उद्यापासून हिला वर्कशॉपला टाका. या दोन्ही दारांच्या आत तुझ्याशिवाय कोणीही येणार नाही. फरशी तू पुसायची."

साहेबांना अडवायला माझ्याकडे एकच वाक्य होतं आणि ते बोलता येण्यासारखं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, ते मला त्या दिवशी कळलं. साहेब गेल्यावर मावशींनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "माझ्या पायाची धूळ का, सायेब?" त्या म्हणाल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी साहेब म्हणाल्या. मी किल्ली खणात टाकली. खरं सांगितलं असतं तर त्या तशाच पावली जाऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या असत्या. एकदा त्यांच्या हातून साहेबांच्या खोलीतला काचेचा पेला फुटला, तर कोणी विचारायच्या आधीच तुकडे पदरात घेऊन त्या सांगायला गेल्या होत्या. त्यांच्या पोटात काही राहायचंच नाही.

मुंबईहून इंजिनीअर येईपर्यंत दिवाळी उलटून गेली. मधले दिवस मी बंद यंत्रापाशी बसून काढले. एके दुपारी न राहवून डबा घेऊन वर्कशॉपकडे गेलो. शेडच्या सावलीत मावशी आणि आणखी तिघी-चौघी जेवत होत्या. मला बघून सगळ्यांनी पदर सारखे केले आणि घास हातात धरून गप्प झाल्या. मावशीही. मी कुठल्यातरी पान्याची चौकशी केली आणि परत आलो.

इंजिनीअरनं डोकी बदलली. कापसाच्या बोळ्यानं फटी पुसताना बोळा लालभडक झाला, तेव्हा तो हसून म्हणाला, "नगरची माती फारच लाल हो!" नगरची माती काळी आहे. पण तो मुंबईचा होता. मग दुसरी डिस्क चढवली, खटके टाकले, पट्टी सोडली आणि यंत्र सुरू झालं. विहिरींचा एकेक आकडा जागेवर होता. साहेबांनी खूष होऊन सगळ्या केंद्राला पेढे वाटायला सांगितलं.

मीच वाटत निघालो. मावशी वर्कशॉपच्या दाराशी उभ्या होत्या. पेढा घेतला, कपाळाला लावला आणि इकडेतिकडे बघून एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "लेकरा, तुला येक सांगू? कुनाला बोलू नको. तू गावाला गेल्ता तवा म्या त्याची पूजा केल्ती. पार आत, काळजापाशी हळदकुंकू लावलं. न्हाईतर ह्या धुळीनं त्ये कवाच मेलं आसतं. माझ्याच पायाची धूळ, पर देवीनं वाचिवलं बग."

पेढ्यांचं तबक माझ्या हातात होतं. एक पाऊल पुढे टाकून सगळं सांगून टाकावं असं वाटलं. त्यांचे डोळे आनंदानं नुसते लुकलुकत होते.

"वाचलं ना?" त्यांनी विचारलं.

"वाचलं मावशी. तुमच्यामुळेच."

"मंग झालं तर. मला आत न्हाई येऊ दिलं तरी चालंल." पेढा त्यांनी पदराच्या गाठीला बांधला आणि त्या आत कामाला गेल्या.

त्या खोलीत पुढे मी काही वर्षं काढली. दुपारचा डबा दोन दारांच्या मधे, रोज एकट्यानंच खाल्ला.