बाहेरची कडी

आज सकाळी स्टँडकडे येताना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पाय अडखळला. म्हशी उभ्या, गिऱ्हाइकासमोरच धार काढलेली, पेल्याच्या काठावर फेस. त्या कोमट, गवताळ वासाला माझ्या आयुष्यातली अख्खी कोंडी चिकटून बसली आहे.

कानातले आवाज गोळ्यांनी थांबले, त्या दिवसांत आई रोज इथलं धारोष्ण दूध आणायची आणि वर गुळाचा खडा द्यायची. आमच्या कोल्हापुरात वाळलेलं माणूस आजारी आणि भरलेलं माणूस बरं, इतकं सरळ शास्त्र. गोळ्यांनी भूक खवळलेली, अंग सुटत चाललेलं, आणि शेजारणी कौतुकानं म्हणायच्या, "पोरगी सुधारली की." मग तहान सुरू झाली. तांब्यामागून तांब्या रिचवायची, उठसूट मोरीकडे धावायची. घशाला कोरड पडलीय म्हटलं की घरातले एकमेकांकडे बघायचे. एकदा वेडाचा शिक्का बसला की तुमचं पोटही डोक्यातच दुखतं. आई म्हणाली, पुन्हा सुरू झालं हिचं, आणि माझ्या खोलीला बाहेरून कडी घालू लागली. मला तिचा राग यायचा. तिला माझी भीती वाटायची.

दवाखान्याच्या बाकावर एक बाई भेटायची, माझ्याच आजाराची, त्याच गोळ्यांवर केस पिकवलेली. मी पाण्याची बाटली एका दमात संपवलेली तिनं पाहिली, आपली पुढं केली आणि आईकडे वळली. "वैनी, पोरीला कोंडू नगासा. मी बी त्याच गोळ्या खातो. मला बी अशीच तहान लागलती. आदी रगात तपासा, मग डोकं." तिचं तोंड बंद व्हावं म्हणून आईनं रक्त तपासून घेतलं. साखर निघाली, चांगली भडकलेली.

कडी निघाली, दूध बंद झालं. पण रोगानं मन कोंडलं होतं तसं औषधानं अंग कोंडलेलं. त्याला कडी कुठली काढणार? बाकावरची ती बाई रोज सकाळी दारात यायची. "ऊठ गं, म्हशीगत बसू नको." मी चरफडत उठायची. रंकाळ्याभोवती तिच्यामागून धापा टाकत चालायची. गोळी सोडायची नाही आणि चालणंही सोडायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं.

पुढं तिच्या भावानं तिला चंदगडला नेलं. तिथल्या पावसात बाहेर पडणं मुश्कील, म्हणून आम्ही फोनवर चालतो. मी रंकाळ्यावर, ती उंबऱ्यापासून चुलीपर्यंत. काल बोलता बोलता ती थांबली, पाणी प्यायली. थोड्या वेळानं पुन्हा प्यायली. रक्त तपासलंस का, मी विचारलं. "भाऊ म्हणतोय, परत डोकं फिरलंय हिचं." तेवढ्यात तिच्याकडे मागं खट् वाजलं. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

आता चंदगडच्या एसटीत बसले आहे. घाट अजून यायचाय. माझी कडी निघून किती काळ लोटला, तरी दार लावणारा शहाणा आणि आतला खुळा, हे काही बदललेलं नाही. तिच्या भावानं माझं का ऐकावं? मी तरी कोण, गोळ्यांवरचीच. पण त्याच्या दारात उभं राहून म्हणायला माझ्यापाशी तिचंच बोलणं आहे, आणि वाटभर मी ते घोकते आहे. पावणं, मी बी त्याच गोळ्या खातो. आदी रगात तपासा, मग डोकं.