बोटभर उघडे ड्रॉवर

निरोप घेऊन आलेला माणूस आदिलाबादच्या माझ्या शाळेच्या फाटकाशी चपला काढून उभा होता. फाटकाशी कुणी चपला काढत नाही, तेव्हाच मी ओळखलं. नेरडीगोंड्याहून सकाळच्या बसनं आला होता तो, माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या शेजारचा. "बाई, वाईट झालं," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "अक्का?" आणि खरं सांगते, त्या उत्तराला मी तयार होते. आम्ही सगळेच कितीतरी दिवसांपासून तयार होतो. अक्काचे हात गेले होते, पायही जायला लागले होते, नागपूरच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं. त्यानं नकारार्थी मान हलवली. "अक्काबाई हायेत. गणपतभाऊ गेले. छातीत कळ आली, जीपीत घालून आदिलाबादले आणून राह्यलो होतो... रस्त्यातच." मी त्याच्यावरच चिडले. म्हटलं, "असं कसं होईन? त्याइले काय झालं होतं?" त्यांना काही झालेलं नव्हतं, हेच तर तो बिचारा सांगत होता.

गणपतभाऊजी माझ्या बहिणीचे यजमान. हायवेच्या कडेला त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. पुढे पत्र्याची पडवी, मागे घर. इंद्रवेल्ली, उटनूर, नार्नूरपर्यंत कुणाच्या घरी लग्न निघालं की पलंग आणि कपाट भाऊजींच्या हातचं, असा त्यांचा दबदबा होता. दबदबा कामाचा होता तसा तोंडाचाही. गिऱ्हाईकानं "दाराला जरा बारीक फळी चालंन" म्हटलं की ते रंधा खाली ठेवत आणि म्हणत, "मंग पुठ्ठ्याचंच करा, मी कायले पायजे?" नाकावर राग आणि जिभेवर चुना. माझ्या शिक्षकीचीही ते थट्टा करत. "सुमनबाई, तुमच्या पोट्ट्यायले पाढे येते का अजून, का नुसते पगाराचे दिवस मोजता?" मी रागावले की स्वतःच चहा टाकायला उठायचे. पण एका बाबतीत त्यांच्याशी थट्टा चालत नसे. घरात ड्रॉवर किंवा कपाट उघडं राहिलेलं त्यांना खपत नव्हतं. जेवता जेवता उठून ते अर्धवट राहिलेला ड्रॉवर आत लोटून येत. म्हणत, "उघडा ड्रॉवर म्हणजे उघडं घर. आलेली लक्ष्मी पाहुण्यासारखी निघून जाते."

लग्न झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी अक्काला स्वयंपाकघर करून दिलं. भिंतीत बसवलेली कपाटं, ओट्याखाली ड्रॉवरची रांग, सगळं सागवानाचं. त्या काळी आमच्याकडे ओट्याखाली ड्रॉवर कुणी पाहिलेले नव्हते. बायका ज्वारीचं पीठ मागायच्या निमित्तानं यायच्या आणि ड्रॉवर ओढून बघायच्या. लाकडाच्या पट्टीवर लाकूड सरकायचं, वर्षातून एकदा भाऊजी पट्ट्यांना मेणबत्ती घासायचे, की झालं. आणि त्यांच्या घराण्याची एक रीत होती. जागा जशी गोमुखी चांगली मानतात, तोंडाशी अरुंद आणि मागे रुंद, तसं ते प्रत्येक कपाट गोमुखी करायचे. ड्रॉवरची जागा तोंडाशी नेमकी आणि पाठीशी सूतभर रुंद. डोळ्यांना कळायचं नाही. त्यांचे वडील तसं करत, आजा तसं करत असे. "आत गेलेलं बाहेर येऊ नये," ही त्यामागची श्रद्धा. त्यानं ड्रॉवरही कधी अडकत नसे, हा वरचा फायदा.

अक्काचं दुखणं आम्हाला कळलं ते या ड्रॉवरमुळेच. पावसाळा होता. ती म्हणाली, "अवो, पिठाचा ड्रॉवर जड येऊन राह्यला." भाऊजी म्हणाले, लाकूड फुगलं. त्यांनी ड्रॉवर काढला, बाजूंवर रंधा मारला, बसवला. काही दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा रंधा. दिवाळी झाली, थंडी पडली, लाकूड आपसूक आकसलं, तरी अक्काला तो ड्रॉवर जडच. भाऊजी इरेला पेटले. रंधा मारून मारून त्यांनी तो इतका सैल केला की नुसता हलवला तरी खडखड वाजायचा. मी संक्रांतीला गेले होते. अक्का दोन्ही हातांनी ओढत होती आणि ड्रॉवर जागचा हलत नव्हता. भाऊजींनी मागून येऊन एका बोटानं ओढला, तो धाडकन बाहेर आला. मग ते ड्रॉवरकडे पाहत राहिले, आणि मग अक्काच्या हातांकडे. तिच्या अंगठ्यामागचं मांस ओसरलं होतं, तिथं खळगा पडला होता. इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. "दोष लाकडात नोयता," ते मला अंगणात म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

नागपूरला तपासण्या झाल्या. नसा वाळत जातात, औषध नाही, हळूहळू वाढत जाईल, असं डॉक्टर म्हणाले. अक्का परतीच्या बसमध्ये एकच बोलली, "माह्या घरचं मले घेता आलं पायजे. वाटीभर पीठ घ्याले कोणाले हाक माराची पाळी नाई आली पायजे." पोरंबाळं नव्हती त्यांना. तिचं राज्य तेवढंच होतं, ओटा आणि त्याखालचे ड्रॉवर. भाऊजींनी ते ऐकलं आणि बहुतेक तिथंच, बसमध्येच, कंबर कसली.

तोवर शहरांतून चॅनल यायला लागले होते. लोखंडी रूळ, त्यात छोटी चाकं, त्यावर ड्रॉवर घरंगळतो. भाऊजींनी आजवर त्यांना नावं ठेवली होती, "लाकडाले कुबड्या" म्हणायचे. आता तेच भाऊजी पिठाचा रिकामा ड्रॉवर धोतरात बांधून नागपूरच्या बसमध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट काढावं लागेल. भाऊजी म्हणाले, "काढतो, पण मंग याले बसाले जागा दे." ड्रॉवर मांडीवर घेऊन गेले. बाजारात दुकानदारानं आधी बाजूला ठोकायचे चॅनल दाखवले. भाऊजींनी ते करंगळीनं ओढून पाहिले, तेही डाव्या हाताच्या. चांगले होते, पण बाजूनं लोखंड दिसत होतं, आणि अक्कानं निघताना बजावलं होतं की "दवाखान्यावानी दिसलं नाई पायजे." मग दुकानदारानं खालून बसणारे काढले. ड्रॉवरच्या तळाखाली लपतात, ओढला तरी वरून लाकूडच दिसतं. शिवाय बंद करताना शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात रुळाला उतार असतो, ड्रॉवर आपोआप आत ओढला जातो. उघडे ड्रॉवर न खपणाऱ्या माणसाला आणखी काय हवं! परत आल्यावर मला ते कौतुकानं सांगत होते, "लोटावाच लागत नाई सुमनबाई, घरची गाय जशी गोठ्यात जाते तसा जाते."

बसवायला घेतले आणि फजिती सुरू झाली. ड्रॉवर अर्धा आत जाई, मग एका बाजूचं चाक रुळावरून उतरून खाली पडे. भाऊजींनी चॅनल काढले, पुन्हा ठोकले, तिसऱ्यांदा ठोकले. दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लोखंड वाकडं आहे म्हणाले, चाकं खोटी आहेत म्हणाले. अक्का स्टुलावर बसून पाहत होती, तिला हसू आवरेना. "नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. मग जरा वेळानं गंभीर झाली. "अवो, तोंड अरुंद, पोट रुंद. तुमीच तर केलं ना." भाऊजी तिथंच खाली बसले. लाकडाला सूतभर जास्त जागा लागते, लोखंडाला दोन्ही रूळ अगदी समांतर लागतात. मागे जागा फाकत गेली, तसे रूळही फाकले. बापजाद्यांनी लक्ष्मी कोंडण्यासाठी ठेवलेला तो सूतभर फरकच आता आडवा आला होता. उपाय सोपा होता, मागच्या बाजूला पाचर मारून जागा सारखी करायची. पण तेवढंच करायला त्यांनी दोन दिवस घेतले. पाचरा तासून ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले. शेवटी अक्काला विचारलं, "मोडू का वं बापाची रीत?" ती म्हणाली, "मोडा. मले पीठ घेऊ द्या."

त्या दिवशी अक्कानं एका बोटानं ड्रॉवर ओढला. तो आवाज न करता बाहेर आला, तिनं वाटीभर पीठ घेतलं, बोटानं लोटला आणि तो स्वतःच आत गेला. पुन्हा ओढला, पुन्हा लोटला. लहान पोरीसारखी खेळत होती. भाऊजी दाराला टेकून उभे होते आणि त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी त्यांना इतकं सुखी त्याआधी पाहिलं नाही. नंतरही नाही.

कारण दुखणं थांबणारं नव्हतं. वर्ष-दीड वर्षात बोटं गेली. ड्रॉवर एकदा निघाला की पाण्यासारखा यायचा, पण आपोआप बंद होणाऱ्या त्या उतारातून बाहेर काढायला पहिला झटका द्यावा लागे, आणि तेवढाच झटका अक्काच्या हातात उरला नव्हता. ज्या गुणावर भाऊजी भाळले होते तोच वैरी झाला. मग त्यांनी कानस घेतली आणि सगळ्या रुळांचा तो उतार घासून काढला. पाठीमागे सायकलच्या ट्यूबची घडी करून ठोकली. आता ड्रॉवर कितीही लोटला तरी रबर त्याला हळूच परत ढकलायचं आणि तो बोटभर बाहेर येऊन थांबायचा, म्हणजे अक्काला त्या फटीत मनगट घालून ओढता यावं. घरातले सगळे ड्रॉवर कायमचे बोटभर उघडे. येणारी-जाणारी माणसं टोकायची, "काऊन गणपतभाऊ, लक्ष्मी जाईन ना?" ते म्हणायचे, "जाऊ द्या. जिची वाट पाहाची होती ते घरातच हाय." एवढं गोड बोलणं त्यांना शोभत नव्हतं, पण ते बोलायचे. मला मात्र त्या फटी बघवत नसत. त्यांनी आयुष्यभर जे पाळलं ते त्यांनी स्वतःच्या हातानं खरवडून काढलं होतं, आणि त्यानं वर्षभराचीच सोय झाली. पुढच्या थंडीत मनगटही उचलेना.

मग त्यांच्या डोक्यात पायाचं आलं. अक्काचे पाय तेव्हा थोडे हलत. जमिनीलगत एक ड्रॉवर करायचा, अंगठ्यानं ढकलला की उघडेल असा. त्यात काय ठेवणार होते देव जाणे, पायानं कुणी पीठ घेतं का? मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "काही नाई ठेवणार. तिनं उघडला पायजे, बस." दरवेळी ते एक पायरी चढत आणि दुखणं त्यांच्या आधी वर जाऊन बसलेलं असे. हे त्यांनाही कळत होतं. तरी रोज सकाळी पडवीतून रंध्याचा आवाज यायचाच... गेले त्या दिवशीही येत होता, असं शेजारी सांगतात. तो ड्रॉवर दुकानात तसाच पडलाय, तीन बाजू जोडलेला, तळ नसलेला.

तेरावं झालं, पाहुणे गेले. अक्काला एकटी कशी ठेवणार? तिला आदिलाबादला माझ्याकडे आणायचं ठरलं. ती नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. जीप दाराशी आली, दोघांनी तिला उचलून बसवलं, मी तिचे हात तिच्या मांडीवर नीट ठेवले. ते आता कुणी ठेवावे तसेच राहतात. मी कुलूप शोधत होते तेव्हा तिनं हाक मारली. "सुमे, ड्रॉवर लावून ये वं. घर उघडं टाकून जाऊन राह्यलो... ते रागावतीन."

मी आत गेले. स्वयंपाकघरात भाऊजींचा बनियन अजून दोरीवर होता. ओट्याखालची ती रांग, सगळे ड्रॉवर बोटभर पुढे आलेले. पिठाचा लोटला, तो आवाज न करता आत गेला. मग मसाल्याचा, मग डाळींचा, मग तिच्या सुई-दोऱ्याचा. सगळे लोटले आणि दाराशी आले. वळून पाहिलं तर एकेक करून सगळे पुन्हा बाहेर येत होते, हळूहळू, बोटभर... आणि तिथंच थांबत होते.

मी बाहेर येऊन कुलूप घातलं. अक्कानं विचारलं, "लागले?"

मी म्हटलं, "लागले."