यादीखाली सरकवलेली दोन पानं

लाज वाटते सांगायला, पण सांगते. मुलाच्या लग्नाची यादी आमच्या एडमंटनच्या घरी, बेसमेंटमध्ये झाली. मानपान, हॉल, जेवण, सगळं लिहून झालं, कागदाला कुंकू लागलं, आणि मी हळूच खाली आणखी दोन पानं सरकवली. विवाहपूर्व करार, इंटरनेटवरून उतरवलेला. लग्न मोडलं तर घरावर सुनेचा हक्क नाही, एवढंच त्यात होतं.

मुलाला आधीच दटावलं होतं, "यादीचाच भाग आहे, तू मध्ये बोलू नकोस." नवरा गेल्यावर हे घर मीच मुलाच्या नावावर केलं होतं. उद्या दोघांचं बिनसलं आणि घर विकायला काढलं, तर या थंडीत मी जायचं कुठे? या धास्तीने माझी झोप उडाली होती. पण तसं सरळ म्हणायला जीभ रेटेना.

व्याही नागपूरहून आलेले. भला माणूस. "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, विहीणबाई," म्हणत त्यांनी न वाचताच सही ठोकली. मला मेलीला हायसं वाटलं!

तेवढ्यात त्यांची मुलगी चहा घेऊन खाली आली. ट्रे ठेवून तिने ती पानं उचलली आणि उभ्याउभ्याच वाचली.

"काकू, लग्न माझं आणि सही बाबांची?" आवाज चढला नाही तिचा. "मला विचारायचं होतं ना! मी नाही म्हटलं नसतं. पण यात दोघांना वेगळे वकील लागतात, वाचायला वेळ लागतो, कुणाकडे काय आहे ते उघड सांगावं लागतं. आणि भीती कशाची वाटते, तेही."

व्याह्यांनी मान खाली घातली. चूक माझी, आणि मान त्यांची खाली! मला रडूच फुटलं. "घर गेलं तर मी कुठे जाऊ गं?" एवढंच कसंबसं बोलले.

लग्नाला चार महिने होते. तिने तिचा वकील केला, मुलाने त्याचा. मला कुणी काही विचारलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

सह्या झाल्यावर तिने तो करार माझ्यापुढे ठेवला. घर मुलाचंच राहणार होतं. शेवटी तिने घालायला लावलेलं एक कलम होतं. काहीही झालं तरी, आई आहेत तोवर हे घर दोघांपैकी कुणीही विकायचं नाही.

कुणीही, म्हणजे माझा मुलगासुद्धा. त्याला हे सुचलं नव्हतं. आणि माझ्या त्या दोन पानांत तिच्यासाठी एक ओळही नव्हती.