ओतिलियाने आणलेला कागद

बेटावरचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक खाट आणि ओतिलिया चिग्वाय. डॉक्टर महिन्यातून एकदा होडीने यायचा. बाकीचे दिवस इंजेक्शन, टाके, बाळंतपण, सगळं तिच्याच गळ्यात, आणि चौतीस वर्षं तिने ते हौसेने गळ्यात बांधून घेतलं. ही इमारतही गावानेच मिंगा करून उभी केली होती. ज्याचं काम असेल त्याने पोटभर जेवू घालायचं आणि बाकीच्यांनी येऊन राबायचं, यालाच इथे मिंगा म्हणतात. बोलावणं आलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही.

ऑक्टोबरात रामिरो आला. आता नगरपालिकेच्या आरोग्य खात्यातला साहेब; पण जन्मला होता याच खाटेवर, ओतिलियाच्या हातांत. तिच्या स्वयंपाकघरात बसून त्याने बटाट्याचे पाच मिल्काओ हाणले आणि तोंड पुसत कागद काढला.

"मावशी, पलीकडे मोठं केंद्र होतंय. दातांचा डॉक्टर, एक्स-रे, सगळं एकाच ठिकाणी. लोकांना हवंय एवढं दाखवायला सह्या लागतात."

"आणि आपला दवाखाना?"

"तो कुठे पळून जातोय? तू पण ना."

ओतिलियाने कागद घेतला आणि घरोघर फिरली. या बेटावर कागदात काय लिहिलंय ते कोणी बघत नाही, कोणी आणलाय ते बघतात आणि सही करतात. क्लोरिंदा म्हातारीला तर वाचताच येत नाही. तिचा अंगठा ओतिलियाने स्वतः शाईत बुडवून टेकवला. आणि रामिरोने आणलेला कागद ती तरी कशाला वाचतेय?

फेब्रुवारीत नगरपालिकेची लाँच आली. माणसांनी औषधांचा फ्रीज, खाट, बीपीचं मशीन उचललं. ओतिलिया दारात आडवी आली, तेव्हा एकाने तिच्यासमोर झेरॉक्स धरली. सर्व सेवा नव्या केंद्रात हलवण्यास ग्रामस्थांची संमती आहे, असं वर लिहिलं होतं. खाली पहिली सही तिची होती.

तिने रामिरोला फोन लावला.

"वाचून तरी घ्यायचंस, मावशी," तो म्हणाला. "आणि तुझी नोकरी केंद्रात पक्की केलीय की मी."

ज्याची नाळ तिने कापली, त्यानेच केसाने तिचा गळा कापला होता. नोकरी तिने तिथल्या तिथे झिडकारली. गावात मात्र नोकरीची बातमी पोचली, झिडकारल्याची नाही.

एप्रिलमध्ये बटाटे काढायला तिने मिंगा बोलावली. डुक्कर कापलं, वीस माणसांचं रांधलं. दहा वाजेपर्यंत ती वाटेकडे डोळे लावून बसली, मग एकटीच शेतात उतरली. ज्यांची पोरं तिने जगात आणली, त्यांच्या चुलींचा धूर तिला तिथून दिसत होता. तिला रडूही आलं नाही, नुसता संताप आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

दुपारी क्लोरिंदा काठी टेकत आली, बांधावर बसली आणि बाही वर केली.

"डोकं गरगरतंय. बीपी बघ."

"मशीन नेलं गं, आजी."

"मग मी कुठे जाऊ? होडी गुरुवारी."

ओतिलियाने मातीचे हात पुसले, तिचं मनगट धरलं आणि ठोके मोजू लागली.

"तू आम्हाला विकलंस म्हणतात," क्लोरिंदा म्हणाली.

"आणि तुला काय वाटतं?"

"मला वाचता येत नाही. तुला येत होतं."

ओतिलिया ठोके मोजताना चुकली. तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.