टेलिव्हिजनची स्थळं

मुंबईत टेलिव्हिजन यायच्या चांगली बारा वर्षं आधी मी एका गृहस्थांना मुंबईतली टेलिव्हिजनची प्रेक्षणीय स्थळं हिंडून दाखवली आहेत.

त्या वेळी दिल्लीत टेलिव्हिजन नुकताच सुरू झाला होता आणि मुंबई अजून महाराष्ट्राला मिळायची होती. म्हणजे दोन्ही गोष्टी दिल्लीकरांच्याच ताब्यात! त्याच दिल्लीहून सरकारी नोकरीतले दिघेसाहेब आपल्या कुमुदला घेऊन आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत मला बघायला आले. मी फोर्टातला कारकून. आधीच्या पाच मुलींनी मला नकार दिलेला. (पाचवीनं कारणही सांगितलं होतं. ते इथे देत नाही.) "हे स्थळ गेलं तर यापुढे मी कुणासाठी पोहे करणार नाही," असं आईनं बजावलं होतं. मला पोह्यांचं काही नव्हतं. पण कुमुदकडे मी एकदाच पाहिलं आणि सातवं स्थळ बघायची माझी इच्छाच मेली.

दिघेसाहेब मात्र लग्नाचं बोलेनात. ते टेलिव्हिजनचं बोलत होते. त्यांच्या वसाहतीच्या क्लबात तो आणून ठेवला होता आणि साहेब पहिल्या रांगेत बसत. पोहे गार झाले, चहावर साय धरली, तरी साहेब पहिल्या रांगेतून उठेनात.

"काय हो वसंतराव, तुमच्याकडे नाही ना अजून?"

"नाही, म्हणजे..."

"वाटलंच! 'मुंबई आमची, मुंबई आमची' म्हणून एवढा आरडाओरडा करता, आणि साधा टेलिव्हिजन नाही?"

आता हा प्रश्न माझ्या लग्नाचा राहिला नाही, महाराष्ट्राच्या अब्रूचा झाला! माझं डोकं फिरलं.

"आहे की!" मी म्हणालो.

"आँ? कुठं? आमच्या कानावर कसं नाही आलं?"

"गाजावाजा केलेला नाही. दिल्लीला कळलं तर तोही काढून घेतील!"

"चला, दाखवा," म्हणत साहेबांनी टोपी घातली. कुमुदही उठली. मी चपला शोधत असताना आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"मेल्या, ते स्थळ बघायला आलेत. तू स्थळं कसली दाखवतोस?"

पण बूंद से गयी वो हौद से नहीं आती. मी निघालो.

खोताच्या वाडीत फिलोमिनाबाईंचं लाकडी घर आहे. त्यांच्या पुढच्या खोलीत भर दुपारी अंधार असायचा, आणि त्या अंधारात त्यांची माशांची काचपेटी. वर दिवा लावलेला, आत हिरवं पाणी, त्यात तांबडे-पिवळे मासे. रस्त्याच्या पलीकडून खिडकीतून फक्त एक उजळलेला चौकोन दिसायचा. मी साहेबांना पलीकडेच उभं केलं.

"तो बघा!"

साहेबांचा चष्मा कपाळावर गेला, परत नाकावर आला. "रंगीत? अहो, आमच्याकडे काळा-पांढरा आहे!"

"मुंबई आहे ही!"

"कार्यक्रम कुठला चाललाय?" कुमुदनं तोंड उघडलं ते पहिल्यांदाच.

"सागरी जीवन."

"रोज हाच असतो?"

"बरेच दिवस चालू आहे," मी म्हणालो. (हे मात्र खरं होतं.)

तेवढ्यात वरून फिलोमिनाबाईंचा बांगड्या भरलेला हात आला, चिमूटभर खाणं टाकून गेला.

"ह्या कोण?" साहेब दचकले.

"निवेदिका!"

कुमुदनं पदर तोंडाला लावला आणि तिला ठसका लागला. दिल्लीच्या माणसांना आपल्याकडची धूळ सोसत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण साहेब म्हणाले, "चित्र पाठवतात कुठून? उंच मनोरा लागतो त्याला!"

"लालबागहून," मी ठोकून दिलं. लालबाग लांब, ऊन मरणाचं, साहेबांचं वय झालेलं. ते म्हणतील, राहू दे. ते म्हणाले, "ट्राम कुठं मिळेल?"

लालबागला उतरलो. मनोरा आणायचा कुठून? नवसालाही वेळ नव्हता. तेवढ्यात समोरच्या चाळीच्या गच्चीवर उंच काठी दिसली आणि काठीच्या टोकाला बांबूच्या कामट्यांची चौकोनी जाळी. कबुतरं बसवायची छत्री! एरवी मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. आम्ही तीन जिने चढून गच्चीवर गेलो.

"एवढा साधा?" साहेब म्हणाले.

"काटकसरीचं राज्य यायचंय आमचं."

"आणि ही कबुतरं?"

"तपासनीस. लहरी नीट येताहेत की नाही ते बघतात."

"सरकारी?"

"हो, पण पगारी नाहीत. दाण्यावर ठेवलीत."

कुमुदला पुन्हा ठसका!

एव्हाना चाळीतली माणसं गोळा झाली होती. परीटघडीच्या कपड्यांतला माणूस चाळीच्या गच्चीवर कशाला चढेल? एकानं विचारलंच, "काय पायजे?"

"आम्ही दिल्लीहून आलोत," साहेब ऐटीत म्हणाले. "हे यंत्र पाहायला. याच्यामुळे इथलं चित्र लांबवर दिसतं!"

"म्हणजे आमच्या चाळीत काय चाललंय ते दिल्लीत दिसतं?"

मी साहेबांचा कोट मागून ओढला. पण पहिल्या रांगेतला माणूस तो!

"तत्त्वतः दिसू शकतं!"

झालं! एका बाईनं दोरीवरची लुगडी खसाखसा ओढून घेतली. एका म्हाताऱ्यानं तेवढ्यात टोपी सारखी केली. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, आपल्यावर नजर ठेवतायत साले! पाडा ते!" आणि 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' अशी आरोळी उठली. साहेब केंद्र सरकारचे नोकर. पण चारी बाजूंनी माणसं बघितल्यावर सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडले!

मी छत्री वाचवायला धावलो. काठी मोडली, जाळी खाली आली आणि माझं डोकं तिच्यातून आरपार वर निघालं. गळ्यात कामट्यांची चौकट. कबुतरं भुर्रकन उडाली. एक तेवढं घिरटी घालून परत आलं आणि सवयीप्रमाणे सगळ्यांत उंच जागी, म्हणजे माझ्या डोक्यावर, बसलं.

"कोणी रे माझी छत्री पाडल्यान?" कबुतरांचे मालक सावंत खालून तीरासारखे आले. मी तोंड उघडणार, तोच ते गरजले, "हलू नको हां! माझी रंगीली बसली हा तुझ्या डोक्यार!"

मी हललो नाही. रंगीलीनं मात्र करायचं ते केलं. ते ओघळून कानामागून कॉलरमध्ये उतरलं, तरी मी हललो नाही. मला रडू यायचंच बाकी होतं. सहावी मुलगी समोर उभी होती आणि मी त्या चौकटीत कबुतर घेऊन उभा होतो.

कुमुद पुढे झाली. "अहो, टेलिव्हिजन-बिलिव्हिजन काही नाही," ती चाळकऱ्यांना म्हणाली. "ही कबुतरांची छत्री आणि मघाशी पाहिले ते मासे. हे आम्हाला बनवताहेत."

मग अख्खी गच्ची माझ्याकडे बघून हसायला लागली. फक्त दिघेसाहेब हसत नव्हते.

"मासे?" ते म्हणाले. "आणि ती निवेदिका? चल कुमुद! हे स्थळ साफ खोटं आहे!"

"स्थळं खोटी आहेत, बाबा," कुमुद डोळे पुसत म्हणाली. "स्थळ चालेल मला. दिल्लीत मी आठवड्यातून दोनदा टेलिव्हिजन बघते. खतं आणि देवीची लस! इतकी कधी हसले होते का?"

साहेबांनी होकार दिला, पण लग्नात ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. सावंत मात्र रंगीलीला घेऊन जेवायला आले.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली आणि सावकाश बारा वर्षांनी टेलिव्हिजनही आला. आम्ही तो घेतला. पहिल्याच संध्याकाळी अर्धी चाळ आमच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेली, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या! अँटेना बघायला मी गच्चीवर धावलो. नव्याकोऱ्या अँटेनावर एक गलेलठ्ठ कबुतर आरामात बसलं होतं. मी त्याला हुसकावायला पायातली चप्पल काढली.

"हाकलू नका हो त्याला!" खालच्या गॅलरीतून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात कुमुद ओरडली. "तपासनीस आलेत! दाणे न्या वर!"

मी चप्पल पायात घातली, मुकाट्यानं खाली आलो आणि मूठभर ज्वारी घेऊन पुन्हा वर गेलो.