कोडं सोडवताना सुनंदाताई

“सुनंदाताई आहेत ना फिल्ममध्ये? मग प्रॉब्लेम काय?” तन्मयने विचारलं. प्रॉब्लेम तोच होता. त्या नुसत्याच होत्या.

मी डॉक्युमेंटरी एडिट करते. घर डोंबिवलीत, काम कोलशेतच्या एका स्टुडिओत. तन्मय दिग्दर्शक, माझ्या मुलाच्या वयाचा आणि गुणी. फिल्म होती ठाण्यातल्या शब्दकोडी स्पर्धेवर. त्याने निवडलेले चार स्पर्धक एकाच साच्यातले निघाले: निवृत्त, चष्मेवाले, घरात शब्दकोशांचं कपाट. निवृत्ती सोडली तर मीही त्याच साच्यातली, म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नाही. निर्मात्यांना दिसलं. मग पाचव्या सुनंदाताई आल्या. वर्तकनगरच्या बौद्ध कुटुंबातल्या, खोपट डेपोत एसटीच्या कंडक्टर.

रफ कट, म्हणजे फिल्मचा पहिला कच्चा जोड, मी दुसऱ्यांदा लावला तेव्हा लक्षात आलं. चौघे कोडी सोडवत होते. सुनंदाताई भाकऱ्या थापत होत्या, तिकिटं देत होत्या, वडिलांच्या आठवणीने रडत होत्या. मागे बासरी. शूट झालेलं सगळं मी उपसून काढलं. त्यांचा कोडं सोडवतानाचा एकही शॉट नव्हता. स्पर्धेच्या दिवशी तिन्ही कॅमेरे त्या चौघांवर. बाई तिसऱ्या आल्या होत्या, आणि ते फक्त फिल्मच्या शेवटी येणाऱ्या अक्षरांच्या पाटीवर कळत होतं.

तन्मयने तोडगा काढला. त्यांना घरी कोडं सोडवायला देऊ, शूट करू आणि स्पर्धेतलं म्हणून जोडू. मी साफ नाही म्हटलं. आमचं वाजलं. शेवटी मी म्हटलं, त्यांनाच विचारू. आमच्या धंद्यात फिल्म पुरी होण्याआधी ती त्यातल्या माणसांना दाखवत नाहीत. पण मी दाखवली.

ड्युटी संपवून त्या युनिफॉर्मवरच आल्या. शांतपणे सगळं बघितलं.

“चांगलं झालंय,” त्या म्हणाल्या. “पण मॅडम, मी भाकऱ्या थापते ते घरचे रोज बघतात. कोडं सोडवताना मला अजून कोणी बघितलंच नाही. मी त्याच्यासाठी हो बोललेली.”

मला लाज वाटली. पहिल्यांदा बघताना त्या बासरीवर माझेही डोळे भरले होते.

तन्मयने निर्मात्यांकडे आठ दिवस वाढवून मागितले. डेपोच्या रेस्टरूममध्ये त्यांना नवं, न पाहिलेलं कोडं दिलं. बाकीचे पेन्सिल वापरायचे, बाईंनी थेट पेन काढलं. एका शब्दाशी त्या चांगल्या दोन मिनिटं अडल्या. तन्मयला ती कापायची होती. मी हात लावू दिला नाही. खाली पाटी टाकली: ‘हे स्पर्धेनंतर शूट केलं. स्पर्धेत आमचा कॅमेरा यांच्याकडे नव्हता.’ ती तन्मयनेच लिहिली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

पहिला शो डोंबिवलीत झाला. ती दोन मिनिटं पडद्यावर आली आणि प्रेक्षक कुजबुजत उत्तरं सुचवायला लागले. डोंबिवलीकरांना गप्प बसणं कुठे जमतंय. पहिल्या रांगेतल्या सुनंदाताई मागे वळल्या.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “सोडवतेय मी.”

सगळे थांबले.

हल्ली नवं फुटेज आलं की मी आधी माणसाचं काम शूट झालंय का ते बघते. रडणं काय, नंतरही मिळतं.